मधूचा रानरेडा

मधू गेल्याची बातमी मला व्हॉट्सॲपवर कळली. मंडळाच्या ग्रुपवर फराळाच्या ऑर्डरी गोळा करणं चाललं होतं. त्या चकल्या-अनारशांच्या मधोमध एक ओळ आली, डॉ. मधुकर काल पहाटे झोपेतच गेले... आणि खाली हात जोडलेल्यांची रांग. चाळीसेक वर्षांची मैत्री, पण मला फोन करावा असं कुणाला वाटलं नाही. तक्रार तरी कोणत्या तोंडानं करू? गेलं वर्षभर आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो.

मिशिगनमधल्या ॲन आर्बरच्या फ्युनरल होममध्ये भटजींनी त्याच्या तोंडात तुळशीचं पान ठेवलं आणि मला भलत्या वेळी भलतंच आठवलं. नामिबियातली आमची पहिली शिकार. मधूनं कुडू पाडला होता, म्हणजे पिळाच्या शिंगांचं, घोड्याएवढं हरीण. आमचा गाइड जर्मन वंशाचा म्हातारा होता. त्यानं शेजारच्या झुडपाची हिरवी डहाळी मोडली आणि मेलेल्या जनावराच्या तोंडात दिली. म्हणाला, हा त्याचा शेवटचा घास, आमच्यात अशी पद्धत आहे. मधू टोपी काढून उभा राहिला. डोळे भरले होते त्याचे. 'अबे, हे तर आपलंच आहे,' एवढंच बोलला. त्यानंतर प्रत्येक शिकारीला डहाळी तोच ठेवायचा, दुसऱ्या कुणाला ठेवू द्यायचा नाही.

मधू यवतमाळकडचा. आजोबा नावाजलेले शिकारी, घरात त्यांच्या गोष्टी, पण हा बंदूक धरायच्या वयाचा होईतो देशात शिकार बंद झाली. ती हौस त्यानं मिशिगनमध्ये येऊन भागवली. वर्षभर हॉस्पिटलात लोकांना भूल द्यायचा आणि नोव्हेंबर उजाडला की नारिंगी जॅकेट चढवून हरणांमागे जंगलात. मलाही त्यानंच ओढलं. मी पुण्याचा, गाड्यांच्या ब्रेकवर काम करणारा इंजिनिअर, आयुष्यात कधी उंदीरही मारला नव्हता. आमच्यातला तिसरा सुधीर. तो शाकाहारी, बंदुकीला हात लावायचा नाही, पण गळ्यात कॅमेरा अडकवून आफ्रिकेच्या प्रत्येक खेपेला बरोबर. कॅम्पवर त्याची वेगळी खिचडी शिजायची आणि तिचं अर्धं पातेलं आम्ही दोघं फस्त करायचो. फोटो काढायचा तो सुधीर. हे मी इथं मुद्दाम लिहून ठेवतो आहे.

तिसऱ्या खेपेला मधूला रानरेडा हवा होता. मिळाला, पण पहिली गोळी जरा मागे लागली आणि रेडा दाट झाडीत शिरला. जखमी जनावर तसंच सोडून परतायचं नाही, हा तिथला नियम. सुधीरला गाडीत बसवून गाइड, मधू आणि मी रक्ताच्या थेंबांमागून निघालो. जखमी रानरेडा पळून जात नाही, वळसा घेऊन आपल्याच वाटेवर माग काढणाऱ्याची वाट बघत थांबतो, हे सकाळी गाइडनं दोनदा सांगितलं होतं. तरी तो आला तेव्हा माझ्या बाजूनं आला आणि माझी बंदूक खांद्यापर्यंतही पोचली नाही. मधूनं मला धक्का देऊन बाजूला पाडलं आणि माझ्या जागेवर स्वतः उभा राहिला. घाई नाही, गडबड नाही. गोळी सुटली. रेडा कोसळला तेव्हा त्याचं नाक मधूच्या बुटांपासून हातभरावर होतं. मी मातीत बसून होतो. मधू वळून म्हणाला, 'अबे पाटणकर, श्वास तर सोड आधी. किती वेळ धरून राहिला?' मग तो डहाळी शोधायला गेला.

त्यानंतरचं माझं सगळं जगणं त्या एका गोळीनं दिलेलं आहे. हे मी त्याला कधी बोलून दाखवलं नाही. आमच्या पिढीचे पुरुष असलं काही बोलत नाहीत, आणि त्यालाही ते ऐकवलं नसतं. रेड्याचं डोकं पेंढा भरून अमेरिकेत आलं आणि त्याच्या बेसमेंटच्या भिंतीवर गेलं. पुढे सुधीर वारला. तिथं काय झालं हे सांगू शकणारे आम्ही दोघंच उरलो.

गेल्या थँक्सगिव्हिंगला त्याची मुलगी अनघा हिनं मला आग्रहानं जेवायला बोलावलं. ती आता दूधदेखील घेत नाही, त्यामुळे टेबलावर सगळं भाजीपाल्याचंच होतं. जेवता जेवता नातीनं मधूला विचारलं, 'आजोबा, तो बेसमेंटमधला बफेलो... डिड यू किल हिम?' मधू वाटीत आमटी घेत होता. मान वर न करता म्हणाला, 'नो बेटा. पाटणकर आजोबांनी मारला. त्यांच्या अपार्टमेंटमध्ये जागा नाही ना, म्हणून आपल्याकडे आहे. आय ओन्ली टुक द पिक्चर्स.' नातीनं आपली खुर्ची हळूच माझ्यापासून लांब सरकवली. अनघा म्हणाली, 'रिअली, काका?' मी मधूकडे पाहिलं. त्यानं आमटी भुरकली आणि मीठ मागितलं.

निघताना ड्राइव्हवेवर मी त्याला गाठलं. 'मधू, हे काय होतं?' तो म्हणाला, 'जाऊ दे ना यार. नातीसमोर काय सांगू मी? तू एकटा माणूस, तुझ्या घरी कोण विचारणार आहे?' माझी बायको जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मी गाडी सुरू केली आणि निघालो. त्यानंतर त्यानं फोन केला नाही, मीही केला नाही.

शोकसभेच्या आदल्या दिवशी अनघाचा फोन आला. 'काका, तुम्ही बोला, पण हंटिंगचं प्लीज मेन्शन नका करू. बाबांना ते कधीच आवडलं नाही. ही जस्ट वेंट फॉर यू गाइज.' मी बरं म्हणालो. सभेत पडद्यावर सुधीरनं काढलेले हत्ती, जिराफ आणि सूर्यास्त एकामागून एक सरकत होते आणि खाली मधूचं नाव होतं, वन्यजीव छायाचित्रकार म्हणून. सुधीरचा कॅमेरा गळ्यात घालून गंमत म्हणून काढून घेतलेला मधूचा एक फोटोही होता. मी उठून त्याच्या बागेतल्या वांग्यांबद्दल चार वाक्यं बोललो आणि खाली बसलो. लोकांनी छान बोललात म्हणून सांगितलं.

दोन आठवड्यांपूर्वी पुन्हा तिचा फोन. घर विकायला काढलं होतं. 'काका, तुमचा तो बफेलो घेऊन जाता का? नाहीतर आम्ही टाकून देऊ.' एक वाक्य पुरलं असतं. ते माझ्या जिभेवर आलंही होतं. पण तिच्या आवाजात बापाबद्दल इतकी खात्री होती की ती मोडायची तर मधू समोर बसलेला हवा होता. माझं भांडण त्याच्याशी होतं, या पोरीशी नाही. मी म्हणालो, 'हो, माझाच आहे. शनिवारी येतो.'

पुतण्याच्या पिकअपमधून आम्ही ते धूड आणलं. गॅरेजमध्ये उतरवताना शिंग माझ्या तोंडाजवळ आलं आणि खोबरेल तेलाचा वास आला... काळंभोर, चकचकीत शिंग, हाताला तेल लागलं. त्याच्या गावी पोळ्याला बैलांच्या शिंगांना असं तेल चोळतात. मधू गेला तेव्हा पोळा होऊन फार दिवस झाले नव्हते. वर्षभर मी स्वतःची समजूत घालत होतो की म्हातारपणी मधूला मारलेल्या जनावरांचं वाईट वाटायला लागलं असेल, नाही सांगवत एकेकाला. तसं असतं तर मी त्याला माफ केलं असतं. पण पस्तावलेला माणूस बेसमेंटमध्ये उतरून शिंगांना तेल लावत बसत नाही. रेडा त्याला शेवटपर्यंत प्रिय होता. बदनामीपुरता तो माझा होता.

आता तो माझ्या गॅरेजमध्ये भिंतीला टेकून बसला आहे. तेल मी लावणार नाही. शिंगं वाळली तर वाळू देत. परवा शेजारचा जिम दार उघडं बघून आत डोकावला, बराच वेळ रेड्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, हा अंगावर आला असेल तेव्हा तुला भीती नाही वाटली? मी म्हणालो, नाही, माझ्यापुढे माझा फोटोग्राफर उभा होता.