नावाचा रकाना

"केस नंबर सात. महिला, वय अंदाजे चाळीस, निरक्षर. स्वभाव हट्टी."

माझी वर्गमैत्रीण वाचत होती. नांदेडच्या समाजकार्य महाविद्यालयातला शनिवारचा गट. बारा खुर्च्या गोल मांडलेल्या, समोर सर. आठवडाभर वस्त्यांमध्ये जाऊन लिहिलेल्या नोंदी शनिवारी मोठ्यानं वाचायच्या, असा रिवाज. डायरीत छापील रकाने असत. नाव, वय, जात, व्यवसाय, समस्या. ती एकेक रकाना वाचत गेली. नवरा दारू पितो. मारहाण करतो. दोन वर्षांचा मुलगा तापानं दगावला, तेव्हापासून बाई अधूनमधून विहिरीवर जाऊन बसते. घरात अस्वच्छता.

नाव तिनं सगळ्यात आधी वाचलं होतं. माझ्या आईचं.

सरांनी माझ्याकडं पाहिलं. "तू त्याच वस्तीतली ना? मग पुढचं तू सांग. वर्गाला जिवंत मटेरियल मिळेल."

आणि मी सांगितलं. उचलली जीभ लावली टाळ्याला. विहिरीवरून आईला परत कोण आणायचं, बाप कोणत्या दिवशी जास्त मारायचा, सगळं. एकीनं विचारलं, "पट्ट्यानं की काठीनं?" त्याचंही उत्तर दिलं. पोरी वहीत लिहून घेत होत्या. सर म्हणाले, "व्हेरी गुड. असं तटस्थ राहता आलं पाहिजे." क्षेत्रकार्यात त्या वर्षी सगळ्यात जास्त गुण मला पडले. त्या गुणपत्रिकेची मला आजही किळस येते.

घरी येऊन आईवरच ओरडले. "कशाला सांगितलं त्यायला समदं?"

आई भाकरी थापत होती. "पोरी बऱ्या व्हत्या गं. लई मोठ्या घरच्या. आपल्या घरी च्या पेल्या. मंग काय, जा म्हणू त्यायला?"

आपल्या घरचा चहा प्यायल्या, म्हणून आईनं पोटातलं सगळं काढून त्यांच्या पुढ्यात ठेवलं. ते वर्गात वाचलं गेलं, हे मी तिला सांगू शकले नाही. उरलेलं मीच सांगितलं, हे तर नाहीच नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. तो मी बरीच वर्षं खाल्ला.

हेच सर पुढं लातूरच्या एका महाविद्यालयात प्राचार्य झाले. मला तासिका तत्त्वावर त्यांनीच घेतलं, ते मी नाकारत नाही. सोमवारी सकाळच्या एसटीनं नांदेडहून निघायचं, लातूरला एक खोली, शनिवारी परत. उपकाराखाली मान इतकी वाकली होती की ती वाकलेली आहे हेही विसरले होते.

तीन वर्षांपासून मी ऑनलाइन डॉक्टरेट करते आहे. परदेशातल्या एका विद्यापीठाची. इकडं एक गाइड मिळाले होते. ते म्हणाले, "विषय कशाला शोधता बाई, तुमची वस्ती आहे की." मी उठून आले. ही ऑनलाइन पदवी इथं नोकरीला चालेल की नाही, शंकाच आहे. मला ते ठाऊक आहे, तरी स्टाफरूममध्ये रोज ऐकवतात. "आल्या मोबाईलवरच्या डॉक्टरीणबाई. रेंज आली का डिग्रीला?" सगळे हसतात. मीही हसते, आणि त्याबद्दल त्यांच्यापेक्षा मला माझाच राग जास्त येतो.

सकाळी सहाला ऑनलाइन वर्ग असतो. फोन साखरेच्या डब्याला टेकवून बसते. पहिल्याच महिन्यात आमच्या मार्गदर्शक बाईंनी प्रत्येकाला आपलं एखादं जुनं काम पाठवायला सांगितलं. मी वर्गात सांगितलेलं घालून नंतर मीच पुरी केलेली सात नंबरची नोंद पाठवली. गुण जास्त होते ना. बाईंनी विचारलं, "यात या बाईचं नाव आहे. तिला विचारलं होतं का?" मी कॅमेरा बंद केला. ओट्याखाली बसून रडले. इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, आणि मीही स्वतःला विचारला नव्हता.

तेव्हापासून मी वर्गात तेच शिकवते. आघाताचं भान ठेवून समाजकार्य, असं त्या विषयाचं जड नाव आहे. मी सोपं करून सांगते. समोरची बाई दाराकडं बघतेय का, ते आधी बघा. दार उघडं ठेवा. ती देईल तेवढंच घ्या. तिचं बोलणं तिच्या मालकीचं. कंधार, बिलोली, धर्माबादकडची पोरं-पोरी ऐकताना पेन खाली ठेवतात. त्यातल्या कितीजणांना घरचं काही आठवत असतं, ते चेहऱ्यावर दिसतं.

पण डायरी तीच राहिली. रकाने तेच. ते बदला म्हणून मी कधी भांडले नाही. आणि शनिवारी तीस डायऱ्यांवर न वाचता 'तपासले' म्हणून सही ठोकायची सवय मलाही लागली होती.

या वर्षी नाझनीन नावाच्या माझ्या विद्यार्थिनीला क्षेत्रकार्यासाठी मुलींचं एक होस्टेल मिळालं. लातूरला क्लाससाठी आलेल्या मुलींचं. चालवते आमचीच संस्था. तिथली एक मुलगी तिच्याशी बोलली. मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला दुसऱ्यांदा बसलेली, अठरा पूर्ण. तिचं गाव मी इथं सांगणार नाही. दुपारी सगळ्या क्लासला गेल्या की जी आजारी म्हणून मागं राहते, तिच्या दारात बाहेरून किल्ली फिरते. किल्ल्या संस्थेच्या सचिवांच्या पुतण्याकडं असतात. त्यापुढचं तिचं आहे, म्हणून मी लिहीत नाही.

नाझनीननं मात्र लिहिलं. नाव, गाव, जात, खोलीचा नंबर, सगळं. खाली माझी सही.

मंगळवारी शिपाईमामा आले. "म्याडम, सरांनी डायऱ्या मागितल्यात. समद्या न्हाई, होस्टेलचीच." मग आवाज उतरवून म्हणाले, "आपली पोरगी तिथं कुणासंगं तरी दार लावून तासभर बोलत बसली व्हती म्हणं. वॉचमननं वर सांगितलंय."

तेव्हा मी डायरी उघडून वाचली.

नाझनीनला बोलावलं. नांदेडच्या घड्याळं दुरुस्त करणाऱ्या घरची पोर, कामात चोख. "म्याडम, मी तर फॉर्म्याटच भरली. रकाना खाली सोडला तं मार्क कटतेत ना. आता काय व्हईल तिचं?" तिला कोणत्या तोंडानं रागवणार होते? मामांना सांगितलं, डायरी खोलीवर आहे, परवा देते. खोटं बोलले.

त्याच संध्याकाळी नाझनीननं त्या मुलीला बसस्टँडवर आणलं. डायरीतलं ते पान मी फाडलं आणि तिच्या हातात दिलं. "हे तुझं आहे. आमच्याकडं यायलाच नको होतं. सही माझी आहे, चूक माझी."

ती पानाच्या घड्या घालत राहिली. इतक्या लहान घड्या, की पान मुठीत मावलं. "बापाला कळलं तं उद्याच गाडी घिऊन येतील म्याडम. परीक्षा राहील, लगीन व्हईल." मूठ तिनं ओढणीखाली घेतली. "तक्रार करा तुम्ही. पण माझं नाव नका घिऊ. माझ्यावाणी अजून दोघी हायत तिथं."

दुसऱ्या दिवशी दुपारी पाहणीच्या नावाखाली मी होस्टेलला गेले. पुतण्या जिन्यातच उभा होता, हातात किल्ल्यांचा जुडगा. मला बघून त्यानं तो सावकाश खिशात घातला. हसला. "म्याडम, नांदेडला घरी म्हातारी आई एकटीच असती ना?" मी त्याला माझ्या घरचं कधीच काही सांगितलं नव्हतं.

गुरुवारी सरांनी केबिनमध्ये बोलावलं. बाहेर सचिवांची पांढरी बोलेरो उभी होती, आत ड्रायव्हर. सरांनी डायरी चाळली. फाटलेल्या कडेवर बोट थांबलं.

"पान कुठंय?"

"जिचं होतं तिच्याकडं."

"तुझी ती नाझनीन तोंड उघडायला तयार नाही. तू नाव सांग बेटा. आपण आतल्या आत मिटवू. तिच्या वडलांशी मी स्वतः बोलतो."

मग त्यांनी ड्रॉवरमधून एक कागद काढला. माझ्या प्रबंधासाठी संस्थेनं द्यायचं परवानगीचं पत्र. ते मिळाल्याशिवाय माझं पुढचं काम सुरू होणार नव्हतं, आणि चार महिने मी त्यासाठी हेलपाटे घालत होते. त्यांनी पेनचं टोपण काढून पेन त्या पत्रावर ठेवलं. "आत्ता सही करतो. एका नावाचा तर प्रश्न आहे."

खरं सांगते, जीभ हलली. हुशार विद्यार्थिनी माझ्या आत अजून जिवंत होती, तिला शाबासकी हवी होती. मला तिची भीती वाटली. सरांपेक्षा, बाहेरच्या बोलेरोपेक्षा जास्त.

मी म्हणाले, "सर, माझ्या आईचं नावही तुम्ही वर्गात वाचू द्यायला नको होतं."

"कुठली आई?" ते म्हणाले. "कधी?"

ते ढोंग करत नव्हते. त्यांना खरंच आठवत नव्हतं. माझं आयुष्य ज्या शनिवारी चिरलं गेलं, तो त्यांचा एक तास होता, झाला आणि संपला. मी उभी राहिले. "नाव मिळणार नाही सर. आज नाही, कधीच नाही." त्यांनी पेनला टोपण लावलं, पत्र ड्रॉवरमध्ये गेलं. "मोबाईलवरच्या शिक्षणानं डोकी फिरतात," एवढंच म्हणाले.

शुक्रवारी वेळापत्रकात माझे तास नव्हते. संध्याकाळी नांदेडला पोचले, तर आईनं कडी लावलेली. खिडकीतून बघून मग दार उघडलं. "दोघं येऊन गेले. तू कवा जातीस, कवा येतीस इचारत व्हते. कोण हायत गं?"

मी तिला सगळं सांगितलं. होस्टेलचं, आणि मग त्या शनिवारचंही. मीच पुढचं सांगितलं होतं, हेसुद्धा. तिनं उठून दाराची कडी पुन्हा लावली. माझ्याकडं बघितलंही नाही. मग म्हणाली, "त्या पोरीचं नाव मला बी सांगू नको." माफ केलं असं ती म्हणाली नाही. मीही माफी मागितली नाही.

शनिवार-रविवार तक्रार लिहिण्यात गेला. मुलींच्या होस्टेलच्या किल्ल्या कुणाकडं असतात, तो जिन्यात काय म्हणाला, प्राचार्यांनी कशाच्या बदल्यात काय मागितलं, आणि न वाचता केलेली माझी सही. जे मी पाहिलं तेवढं पाहिलं म्हणून लिहिलंय, ऐकलं ते ऐकलं म्हणून. मार्गदर्शक बाईंना कळवलं की पत्र मिळणार नाही. पदवी अडेल. अडू दे.

आज दुपारपासून गल्लीच्या तोंडाशी तीच पांढरी बोलेरो उभी आहे. उद्या मी लातूरला जाईन तेव्हा ती एसटीच्या मागं येईल. अकरा वाजता मी तिथल्या पोलीस ठाण्यात असेन. तक्रारदार म्हणून माझं पूर्ण नाव, माझ्या वस्तीचा पत्ता लिहून देईन. मुलीचं नाव विचारतील. नावाशिवाय तक्रार उभी राहत नाही म्हणतील, दटावतील, बसवून ठेवतील. दहादा विचारतील. मी दहादा नाही म्हणेन.