कृष्णातचा डावा गुडघा

कृष्णात माझा धाकटा भाऊ. सख्खा. मी विठोजी, चौथी पास, आणि लॉरीच्या स्प्रिंगांचं, कमानपाट्यांचं काम माझ्याएवढं चोख करणारा माणूस त्रेसष्ट साली बेंगळूरच्या अख्ख्या शिवाजीनगरात नव्हता. आज कुणी असला तर तो माझ्याच हाताखाली शिकलेला. पण गोष्ट माझी नाही, त्याची आहे.

आम्ही निपाणीकडचे. बाप तालमीतला. आमच्या घरात कुणी 'दुखतंय' म्हटलं की बाप विचारायचा, "आज बैठका किती मारल्यास?" ताप असला तरी हेच, दाढ दुखली तरी हेच. एक्कावन्न साली मी बेंगळूरला येऊन बिंदुमाधवरावांच्या शेडात कामाला लागलो, मागनं कृष्णातला आणलं आणि त्यांच्याच लॉरीवर ड्रायव्हर म्हणून चिकटवलं. मालकांचे पूर्वज तीनशे वर्षांमागं इकडं आलेले. त्यांचं मराठी अर्धं कानडी, पण माणूस देवमाणूस.

गाडी मात्र देवाघरची नव्हती. लढाईत वापरून सरकारनं विकून टाकलेली. तिचा क्लच दाबायचा म्हणजे मुरमात पहार रोवायची. कृष्णातनं त्या क्लचवर बारा वर्षं डावा पाय मारला. तुमकूर, चित्रदुर्ग, हुबळी, पुणं, आणि परत. उजवा हात खिडकीबाहेर, उन्हात, वाऱ्यात. बसायला फळी, फळीवर गोणपाट. चाळिशीच्या आत त्याचा खांदा वर जाईना, कंबर सरळ होईना आणि डावा गुडघा वाकला तर उलगडेना.

त्याच गाडीचे सांधे मी दर पंधरवड्याला ग्रीसनं भरत होतो. पाट्यांत जरा कुरकुरलं की गाडी शेडात यायच्या आधी मला कळायचं. जेवायला बसताना कृष्णातचा गुडघा कुरकुरला की मी त्याच्या बायकोला म्हणायचो, "यल्लव्वा, हा पाट बदल, फार वाजतो."

डॉक्टरनं त्याला सांगितलं, वाटी झिजलीय, क्लच सोड. मी म्हटलं, डॉक्टरला काय कळतंय, आम्ही तालमीतली माणसं. तिळाच्या तेलानं रगडलं आणि रोज चाळीस बैठका लावून दिल्या. माझा शब्द त्यानं कधी मोडला नाही. सात दिवस मारल्या. आठव्या दिवशी भिंतीला धरून कामावर गेला.

दसऱ्याच्या आधी मालकांनी नवी गाडी घेतली. यार्डात एक मेस्त्रीही हवा होता. बाकावर बसायचं, माल भरताना बघायचं, नव्या ड्रायव्हरांना शिकवायचं. कृष्णात माझ्याकडं आला. मान खाली घालून म्हणाला, "आण्णा, मालक तुला विचारतील. माझ्यासाठी तेवढं हो म्हण. पुण्याची आणखी एक खेप केली तर हा पाय माझा राहत नाही."

"बरं," म्हटलं. थोरला असताना धाकट्यानं आपल्या तोंडानं मागायचं नाही, ही आमची रीत.

मालक आले ते नेमके चहाच्या वेळी. शेडात पाचसहा ड्रायव्हर कप घेऊन उभे, त्यांत गुंडू. हा गुंडू कृष्णातच्या पाठीमागं लंगडण्याची नक्कल करायचा.

"विठोजी," मालक म्हणाले, "कृष्णात स्वल्प लंगडतो काय रे? यार्डात बसवू त्याला?"

तोंडात 'हो' तयार होतं, देवाशप्पथ. पण गुंडू हसला.

"लंगडतो?" मी म्हटलं. "मालक, ती पैलवानाची चाल हाय! एक पाय दाबून टाकायचा, दुसरा मोकळा. आमच्याकडं बघणारे बघत राहतात. आणि यार्डात काय म्हातारी माणसं बसवायची. कृष्णात अजून दहा वर्षं पुणं मारतोय!"

"सरी, सरी," मालक खूश झाले. "मग नव्या गाडीचं खंडेनवमीला ठरवू."

त्या दिवशी घरी मी कृष्णातला सांगितलं, मालक विचार करतायत. खोटं नव्हतं. ते करतच होते.

खंडेनवमीला मालकांच्या यार्डात दरवर्षीची चाल अशी: गाड्या धुवून, झेंडूच्या माळा घालून रांगेत उभ्या करायच्या. चाकाखाली लिंबं. ड्रायव्हरनं आपल्या गाडीपुढं साष्टांग नमस्कार घालायचा, मग गाडी लिंबांवरनं पुढं न्यायची. एकेक जण आडवा झाला, उठला, गाडीत बसला. कृष्णातची पाळी आली. तो आधी गाडीचा बंपर धरून वाकला, मग एका हातावर टेकला आणि एकदम धप्पकन आडवा झाला.

आणि उठेना.

भटजींचा मंत्र संपला. घंटा थांबली. कृष्णात नाक भुईला लावून तसाच. मला दिसत होतं, त्याची बोटं मातीत रुतत होती. गुंडूनं शेजारच्याला कोपरानं ढोसलं.

"बघा!" मी ओरडलो. "ह्याला म्हणतात भक्ती! तुम्ही लोक कपाळ टेकवता आणि पळता. हा बघा, गाडीशी बोलतोय!"

मालकांनी चक्क हात जोडले. मी पुढं झालो आणि भक्तीतनं जागं केल्यासारखं काखेत हात घालून त्याला उभा केला. माझ्या कानाशी तो फक्त एवढंच म्हणाला, "आण्णा, बास कर."

मालकांच्या डोळ्यांत पाणी. "असा भक्त माझ्या गाडीला पुन्हा मिळायचा नाही," म्हणाले. "नवी गाडी कृष्णातची. उद्या दसऱ्याच्या मुहूर्तावर पुण्याला पहिली खेप." आणि त्यांनी किल्ली त्याच्या हातात ठेवली. टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात मी वाजवल्या.

घरी आल्यावर कृष्णात भिंतीला टेकून बसला. डावा पाय उशीवर. गुडघा दुधी भोपळ्यासारखा सुजलेला. यल्लव्वा बारा वर्षांत माझ्यासमोर उभी राहून बोलली नव्हती. काही सांगायचं असलं तर दाराआडनं भांडं वाजवायची. त्या दिवशी पदर डोक्यावर घेऊन पुढं आली.

"भावजी, एक विचारू?"

"विचार की."

"पाय यांचा. लाज तुमची. मग पुण्याला तुम्ही का जात नाही?"

कृष्णात म्हणाला, "गप गं, आण्णा हाय तो." तिनं ऐकलं नाही. माझ्याकडं बघत राहिली. मी एवढा बोलणारा माणूस, मी पाणी मागितलं. तिनं दिलं नाही.

दसऱ्याच्या सकाळी आम्ही दोघं यार्डात गेलो. नवी गाडी सुताच्या गासड्यांनी भरून उभी. सगळे जमलेले, गुंडूसुद्धा. मी सरळ मालकांपुढं गेलो आणि मोठ्यानं बोललो, कारण हळू बोलायची मला सवय नाही.

"मालक, काल भक्ती नव्हती. याला उठताच येत नव्हतं. गुडघा गेलाय. खांदा गेलाय. मी खोटं बोललो."

मालक पोट धरून हसले. ड्रायव्हरही हसले. "अरे विठोजी, सणाच्या दिवशी चेष्टा? भाऊ पुण्याला जाणार म्हणून दृष्ट काढतोस काय?"

आयुष्यात एकदा खरं बोललो, आणि माझ्या थापा ऐकायला सवकलेल्या माणसांना ते पटेना.

मालकांनी कृष्णातला विचारलं, "खरं काय रे? आण्णा म्हणतो गुडघा गेला."

कृष्णातनं माझ्याकडं बघितलं. मग धोतर वर केलं आणि म्हणाला, "आण्णा म्हणतो ते खरंच असतं, मालक."

कुणी हसलं नाही. मालक वाकले, त्या गुडघ्याला बोट लावलं आणि पटकन काढलं. "अय्यो," म्हणाले. "आणि काल ह्याला मी हात जोडले." मग माझ्याशी एक शब्द न बोलता त्यांनी किल्ली गुंडूकडं टाकली आणि कृष्णातला हाताला धरून मेस्त्रीच्या बाकावर नेऊन बसवलं.

गुंडू गाडी घेऊन निघाला. गेटातनं वळताना त्यानं कराकरा गिअर बदलला. बाकावर बसलेल्या कृष्णातचा डावा पाय तेवढ्यात आपोआप भुईवर दाबला गेला. तो कळवळला आणि तिथनंच ओरडला, "क्लच पुरा दाब की, गाढवा!"