आमच्या चौकात एसटी वळली

भूकंपानंतर सरकारनं आमचं गाव उचलून माळावर नेऊन ठेवलं. घरं सिमेंटची, एका ओळीत, एकासारखं एक. नवीन-नवीन तर माणसं संध्याकाळी शेतातून आली की दुसऱ्याच्याच घरात शिरून पाणी मागायची. रस्ते एवढे रुंद की समोरच्या घरी विरजण आणायचं तरी चपला घालाव्या लागत. जुन्या गावात बायका आपापल्या ओट्यावर बसून भांडायच्या. इथं भांडायला ओरडावं लागे, आणि ओरडून भांडण्यात काही मजा नसते. गावाच्या मधोमध एक भलामोठा चौक काढला होता. तो कशासाठी, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. दुपारी त्यात शेळ्या बसायच्या.

गाव हललं, पण एसटीचा थांबा काही हलला नाही. गाडी जुन्या गावाच्या फाट्यावर, कडुलिंबाखालीच थांबायची. मागे आमचं पडलेलं गाव, म्हणजे दगडमातीचे ढीग आणि त्यावर माजलेल्या वेड्या बाभळी. नव्या गावातून तिथवर चांगली लांबची पायपीट होती. रोज सकाळी ती करून आम्ही तिघी लातूरची गाडी धरायचो.

तेव्हा लातूरला क्लासेसचं पीक जोरात आलं होतं. दहावीला बरे मार्क पडले की सायन्स, आणि सायन्स म्हटलं की लातूर, हे ठरलेलंच. पार नायगाव-बिलोलीकडची पोरं पेट्या-वळकट्या घेऊन यायची. आमच्या गावातल्या पोरांनाही आईबापांनी लातुरात खोल्या करून दिल्या होत्या. पोरींनी मात्र घरून जाऊन-येऊन करावं. जमलं तर शिकल्या, नाही जमलं तर स्थळं आहेतच. मला याचा तेव्हा राग यायचा आणि आजही येतो.

तिघींतली एक मी. दुसरी आमच्या बांगडीवाल्या खालाची लेक. खाला डोक्यावर हारा घेऊन पंचक्रोशीत बांगड्या भरत हिंडायची, त्यामुळं कुणाच्या घरात काय शिजतं हे तिला त्या घरातल्यांच्या आधी कळे. तिसरी आमच्याच ओळीतली माझी मैत्रीण. गणितात तिनं आम्हा दोघींना हातोहात विकून खाल्लं असतं. दिवाळीच्या आधी दिवस लहान झाले. परतताना फाट्यावर अंधार पडू लागला आणि पडक्या गावात बाटल्या घेऊन बसणारी टोळकी आमच्या मागं यायला लागली. एकदा त्यांनी मैत्रिणीची ओढणीच ओढली. आम्ही घरी येऊन सगळं सांगितलं आणि तिथंच फसलो. ओढणी ओढणारे मोकळे हिंडत राहिले, मैत्रीण घरात बसली. तिच्या बापानं दुसऱ्याच दिवशी कॉलेज बंद केलं.

माझे वडील तसे मवाळ. ते म्हणाले, "संक्रांतीपस्तोर बघू. गाडी गावात आली तर जा खुशाल. न्हाई आली तर बस झालं."

हे माझ्या काकूनं ऐकलं. काकू म्हणजे माझी थोरली चुलती, जिभेनं तिखट. तिची एकुलती लेक भूकंपात भिंतीखाली गेली. ती माझ्याच वयाची होती, आम्ही दोघी एका ताटात जेवायचो. त्या दिवसापासून काकूनं जुन्या फाट्याकडं पाऊल टाकलं नव्हतं. तालुक्याला जायचं झालं तर ती शिवारातून वाकड्या वाटेनं शेजारच्या गावी जाई आणि तिथून जीप पकडे. लोक चेष्टा करायचे, पण तिच्या तोंडावर नाही. तेवढी हिंमत कुणात नव्हती.

"भावजी," ती वडिलांना म्हणाली, "संक्रांत म्हणलाव ना? मग संक्रांतीपस्तोर पोरीला सोयरीक दावायची न्हाई. गाडीचं मी बघते."

मग काकूचे आणि खालाचे तालुक्याच्या डेपोला हेलपाटे सुरू झाले. बाकीच्या बायकाही आळीपाळीनं जात. डेपोचे साहेब माणूस वाईट नव्हते, पण त्यांच्याकडं 'नाही' म्हणायच्या नाना तऱ्हा होत्या. गाव आमच्या मार्गावर नाही. मार्गावर घ्यायचं तर पाहणी करावी लागेल. पाहणीला माणूस नाही. आणि पाहणी झाली तरी एवढी मोठी गाडी गावात वळणार कुठं?

"हमारे चौक में तो हत्ती बी फिर जाता, साब," खाला म्हणाली.

"हत्ती वेगळा, एसटी वेगळी," साहेब म्हणाले.

खाला रिकाम्या हातानं परत यायची नाही. ऑफिसातल्या बायकांना बांगड्या भरूनच यायची. काकू मात्र येताना वाटभर साहेबांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत यायची. गावातली पुरुष मंडळी पारावर बसून हसायची. "बायका एसटी आणायल्यात," म्हणायचे, "मागनं रेल्वे बी आणतील."

तुळशीची लग्नं उरकली आणि माझ्या मैत्रिणीचं लग्न ठरलं. ती हळद लावून घेत होती आणि मी तिच्याजवळ बसून रसायनशास्त्राचं पुस्तक उगाच चाळत होते. "पुढचा धडा झाला का गं?" तिनं हळूच विचारलं. मी पुस्तक मिटून ठेवलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी, ऊन उतरता उतरता वऱ्हाड आलं. आणि ते आलं एसटीनं. नवऱ्याकडच्यांनी त्याच डेपोतली लाल गाडी लग्नाला ठरवली होती. धुरळा उडवत ती गावात शिरली, चौकातल्या शेळ्या चौफेर उधळल्या आणि गाडी एका दमात, पाठीमागं न घेता, अशी गर्रकन वळून मांडवापुढं उभी राहिली की बघत राहावं. वाजंत्री वाजत होती, सगळे नवरदेवाकडं बघत होते. काकू तेवढी गाडीच्या चाकांकडं बघत उभी होती. हातातलं ओवाळणीचं ताट तसंच.

"लग्नाला येती," ती म्हणाली, "कालेजाला येत न्हाई."

दुसऱ्या दिवशी उजाडताच काकू आणि खाला डेपोत हजर झाल्या. त्या दिवशी त्यांनी गाडीचं नावच काढलं नाही. साहेबांच्या हातावर अक्षता ठेवल्या, कपाळाला कुंकू लावलं आणि 'आमच्या लेकीचं लग्न हाय, दुपारी अक्षता टाकायला या' म्हणून रीतसर बोलावणं दिलं. साहेब आमच्याच मुलखातले. अर्ज फिरवता येतो, अक्षता कशा फिरवणार? दुपारी ते जीपमधून उतरले. वडीलधाऱ्यांनी त्यांना टॉवेल-टोपी केली, पहिल्या पंगतीला बसवलं, आग्रह करकरून बुंदी वाढली. गाडीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मला वाटतं, त्या गप्प बसण्यानंच ते बेचैन झाले असावेत.

मग पाठवणीची वेळ झाली. मैत्रीण रडून रडून लाल झाली होती. तिला गाडीत बसवलं, खिडकीशी. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली, चौकात तोच मोठा वेढा घेतला आणि साहेब मांडवाच्या खांबाशी उभे राहून ते बघत राहिले. काकू त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"साहेब," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "हीच पोरगी लातूरला शिकायला जायची. तिला कालेजात न्यायला तुमची गाडी हितं वळत नव्हती. सासरला न्यायला कशी बगा, झ्याक वळली."

साहेबांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली, परत घातली. मग म्हणाले, "सोमवारपासून सकाळ-संध्याकाळ पाठवतो. वेळेवर धावली आणि माणसं बसली तर राहील. नाहीतर माझा इलाज नाही, बाई."

सोमवारी काय झालं ते आजही आमच्या गावात कुणी नीट सांगत नाही, कारण सगळ्यांनाच लाज वाटते. गाडी वेळेवर आली. आमच्याकडं दारात आलेल्याला तसंच परत पाठवायची रीत नाही, आणि ही तर एसटी, गावात पहिल्यांदा आलेली! हलगी आली. चाकांवर पाणी ओतलं, नारळ फोडले. एकीनं ओवाळलं म्हणून दुसरीनं ओवाळलं, आणि एका ओळीतल्या बायकांनी ओवाळल्यावर दुसरी ओळ मागं राहते होय? ड्रायव्हर-कंडक्टरला खाली उतरवून फेटे बांधले. ह्या घरचा चहा झाला, तर त्या घरच्यांना राग आला. मग त्या घरचा चिवडा झाला. मी आणि खालाची लेक गाडीत दप्तरं मांडीवर घेऊन बसलो होतो. खिडकीतून "अहो, उशीर व्हायलाय!" म्हणून ओरडत होतो, पण हलगीपुढं आमचं कोण ऐकतंय! आम्ही लातूरला पोचलो तेव्हा क्लास सुटून पोरं रस्त्यावर सायकली काढत होती. पुढच्या गावांतले प्रवासी ताटकळले होते ते वेगळंच. त्यांनी डेपोत जाऊन चांगला धिंगाणा घातला.

साहेबांचा निरोप आला, परत असं झालं तर गाडी बंद. पारावरचे हसणारे आता बायकांवर खेकसायला लागले, जणू हलगी बायकांनीच वाजवली होती. काकूनं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळी चौकात हातात छडी घेऊन उभी राहायला लागली. गाडीला कुणी पाणीसुद्धा विचारायचं नाही. कुणी कपबशी घेऊन निघालं की काकू छडी आपटायची, "व्हय मागं! तुझ्या चहापायी पोरींचं वरीस बुडतंय." पाहुण्याला पाठमोरं व्हायचं आमच्या बायकांना फार जड गेलं. काहीजणी तर दार लावून घेत, गाडी दिसायलाच नको म्हणून. शेवटी ड्रायव्हरच बिचारा एकदा म्हणाला, "काय मावशी, माझं काही चुकलं का? कुणी बोलंना झालंय." मग खालानं तोड काढली. किटली तिच्या लेकीच्या हाती गाडीत चढवली आणि चहा लातूरच्या स्टँडवर उतरल्यावर द्यायचा, असं ठरलं.

वेळेचं जमलं. राहिला प्रश्न माणसांचा. गाडी रिकामी दिसता कामा नये म्हणून ओळीवार पाळ्या लावल्या. ज्याचं काम नव्हतं त्यानंही काम काढलं. कुणी लातूरला नुसता चष्मा पुसायचा कपडा आणायला गेलं, कुणी लेकीला भोपळा द्यायला. पारावरचा एक हसणारा तर तीन पिढ्यांत न भेटलेल्या पाहुण्याला भेटून आला आणि पाहुणा चांगला निघाला म्हणून सांगत सुटला. काकूची पाळी आली की ती मात्र काहीतरी निमित्त काढायची. म्हैस व्यायला झालीय, गुडघा धरलाय. गाडी जुन्या फाट्यावरूनच जात होती. आम्हाला सगळं कळत होतं, म्हणून कुणी ताणून धरलं नाही.

संक्रांतीच्या दिवशी सगळ्या घरांत सण, लातूरला जाणार कोण? पण आम्हा दोघींची परीक्षा होती. सकाळी गाडी आली तर आत आम्ही दोघीच. कंडक्टरनं घंटीकडं हात नेला, तेवढ्यात काकू पायरी चढून आली. नवं लुगडं, हातात तिळगुळाची पुडी. माझ्याशेजारी बसली आणि तिनं माझा हात धरला.

फाटा आला. कंडक्टरनं जुन्या सवयीनं घंटी दिली, गाडी थांबली. कडुलिंबाखाली कुणी नव्हतं. खिडकीतून बाभळी दिसत होत्या, ढीग दिसत होते. काकू उठून उभी राहिली. मला वाटलं ती उतरते. ती वाकली आणि खिडकीतून बाहेर बघत राहिली.

"आज असती तर ती हितनंच चढली असती," ती म्हणाली. "तुमच्यासंगं."

मी रडायला लागले. तिच्याही डोळ्यांतून पाणी येत होतं. ते तिनं पुसलं नाही. पुडी सोडून तिनं आम्हा दोघींच्या तळहातावर तिळगूळ ठेवला, एक वडी उचलून खिडकीच्या गजातून कडुलिंबाकडं टाकली, आणि मग मागं वळून कंडक्टरवर नेहमीसारखी खेकसली.

"बघत काय बसलाव? घंटी मारा की. पोरींचा पेपर हाय."