खिडकीकडचा सोफा

आमच्या मावशीने एका रिसॉर्टमधल्या खोलीचा दरवर्षीचा एक आठवडा कायमचा विकत घेतलाय. त्या आठवड्याच्या बदल्यात दुसऱ्या रिसॉर्टलाही जाता येतं, पण ती ऐकेल तर शपथ. खोलीत शिरल्या शिरल्या ती काकांना हाताशी घेऊन टीव्हीसमोरचा सोफा खिडकीकडे फिरवते आणि तो टीव्हीकडे वळवून गेलेल्या आधीच्या आठवड्याच्या मालकिणीचा यथेच्छ उद्धार करते.

यंदा काकांची कंबर धरली होती, म्हणून त्यांनी गुपचूप रिसॉर्टला फोन करून सोफा आधीच फिरवून घेतला. मावशी त्यावर बसली, उठली, पुन्हा बसली.

"आता आठवडाभर मी नावं कुणाला ठेवू?"

काकांनी कंबरेला पट्टा आवळला, सोफा ढकलत टीव्हीसमोर नेला आणि म्हणाले, "घे, कर सुरू."