बडेबाबूंची खुर्ची

बाबा दिग्रसला कापूस खरेदीच्या ऑफिसात बडेबाबू होते. निवृत्तीनंतर ऑफिसच्या भंगारातून त्यांनी एक जुनी फायबरची खुर्ची घरी आणली. तिच्यावर बसून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत, "इतकी वर्सं नोकरी केली, पन एकाही मानसाले टेबलापुढं उभं नाही ठेवलं." हे वाक्य हीच त्यांची खरी पेन्शन होती.

खुर्चीचे पोपडे मात्र बसणाऱ्याच्या पँटला चिकटू लागले. जुना रंग काढू या म्हटलं, तर बाबा उखडले. "खरवडता कायले? वरून एक हात मारा."

सरकारी रीतच ती. कपाशीच्या त्या वाईट वर्षांत आमच्याकडे पाहणी पथकांची रीघ लागली होती. बोंडांना अळी लागली, पथक आलं. भाव पडला, दुसरं पथक. कापसाला उठाव नव्हता, पण ऑइलपेंटला होता, कारण पथक येणार म्हटलं की आदल्या दिवशी खुर्च्या रंगायच्या. एकदा रंग वाळायच्या आत साहेब टेकले आणि मागून हिरवे होऊन केळापूरच्या दौऱ्यावर गेले. तेव्हापासून पाहुण्यांच्या खुर्चीवर पांढरा टॉवेल अंथरायची प्रथा पडली. पाहुण्यांना तो मान वाटे.

मी बाबांचं ऐकलं नाही. दुकानातून रंग काढायचं औषध आणलं आणि भरपूर चोपडलं. रंग सुटला, पण खालची खुर्चीही चिकट होऊ लागली. घाबरून ती ऑटोत टाकली आणि एसटी स्टँडमागे गाड्या रंगवणाऱ्या चाचांकडे नेली. बाबा देखरेखीला आले.

"हे लोखंड नाही, भाऊ," चाचा म्हणाले. "औषधानं फायबरच गळते. याले पानी मारून पॉलिश पेपरनं घासा लागते, आरामसे."

ते आरामसे घासू लागले. बाबांनी एकेक थर अभिमानानं ओळखला. क्रीम रंग शेवटच्या पथकाचा. करडा दिल्लीवाल्यांचा. हिरवा, तो टॉवेलवाला. मलाही मजा वाटू लागली. इतक्या समित्यांचं काम पाठोपाठ दिसतंय, असं पहिल्यांदाच घडत होतं.

निळा आला तसे बाबा म्हणाले, "बस झालं, भाई. हाच राहू द्या."

"एकच थर राह्यला, बडेबाबू," चाचा म्हणाले आणि पाणी मारलं.

खाली मूळ नारिंगी निघाला. पाठीवर पांढरी अक्षरं होती : शेतकरी बांधवांसाठी.

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढून उगाच पुसला. "पयल्या पथकाले खुर्च्या कमी पडल्या," ते म्हणाले. "निळा हात म्याच माराले लावला. दोन दिवसांसाठी म्हनून."

"मग शेतकरी कुठे बसायचे?"

बाबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. चाचांनी पेपर धुतला. "मी आलतो ना तवा कापूस घेऊन," ते म्हणाले, कुठलाही राग नसल्यासारखे. "आमची बी पऱ्हाटी होती. दिवसभर तुमच्या टेबलासमोरच होतो, बडेबाबू. तुमच्या ध्यानात नसंल."

मला बाबांची फार कीव आली आणि तितकाच रागही आला.

चाचांनी फडक्यानं खुर्ची कोरडी केली आणि बाबांपुढे ठेवली. "बसा. आता कपड्याले लागत नाही."

"तुमी बसा, भाई," बाबा म्हणाले.

चाचांचे कपडे रंगानं माखलेले होते, ते बसले नाहीत. बाबाही बसले नाहीत. ऑटो यायला बराच वेळ लागला. तोवर ते दोघं खुर्चीच्या दोन बाजूंना उभे होते.