बियाण्याचा दोमोदा

भुईमुगाचे दाणे निवडावेत तर तेनेंगनेच. मी तिची शेजारीण. चाळीस वर्षं तिच्यासोबत एकाच आंब्याखाली सूप घेऊन बसले, म्हणून सांगते. टपोरे दाणे व्यापाऱ्याच्या पोत्यात, त्यातले निवडक बियाण्याला, आणि काळपट, सुरकुतलेले, बुरशी लागलेले घरच्या मडक्यात. आमच्याकडे, गाम्बियात, घरोघरी असंच चालायचं.

"अगं, हे कोंबड्यांना टाक की," मी एकदा म्हटलं.

"कोंबड्यांना? आणि माझ्या पोरांनी काय व्यापाऱ्याचं तोंड बघायचं?"

ते दाणे भाजून, कुटून ती भातावर दाट दोमोदा, म्हणजे दाण्यांचा रस्सा, ओतायची. मिरची दणकून. सगळे एकाच परातीत जेवायचे, पण घट्ट रस्सा ती हळूच नवऱ्याच्या, देम्बोच्या, आणि थोरल्या मुलाच्या, साइनेच्या, बाजूला सरकवायची.

देम्बो चाळिशीतच पोट फुगून गेला. करणी केली कुणीतरी, असं गाव म्हणालं. आम्हीही मान डोलावली.

मग चौतिसाव्या वर्षी साइनेचे डोळे पिवळे झाले. उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं. दवाखान्यात तेनेंगसोबत मीच गेले होते.

"यकृताचा कॅन्सर आहे," डॉक्टर म्हणाला. "काविळीचा विषाणू लहानपणापासून अंगात आहे. बहुधा तुमच्याकडूनच गेलाय, आई. त्यात बुरशीच्या दाण्यांचं विष पोटात जात राहिलं. दोन्ही मिळून यकृत खातात."

"मग आता?"

"याच्या मुलाला जन्मल्यावर लस टोचलीय ना? बरं झालं. त्याला दाणे तेवढे चांगले घाला."

साइनेबद्दल तो काहीच बोलला नाही. मला भयंकर राग आला, आणि तो कुणावर काढावा ते आजही कळत नाही. तेनेंगने मुद्दाम काही केलं नव्हतं. तीही तेच खात होती.

साइनेने अन्न सोडलं. आठवड्याने म्हणाला, "आई, दोमोदा कर ना."

तेनेंगने माळ्यावरून बियाण्याचं पोतं उतरवलं. उपासमारीच्या महिन्यांतही त्याला कुणी हात लावत नाही.

"अगं, पेरशील काय?"

"गप बस. चूल पेटव."

एकेक दाणा तिने उजेडात धरून पाहिला, तीनतीनदा. मग स्वतःच्या हाताने त्याला घास भरवला. त्याने तो बराच वेळ तोंडात घोळवला.

"कुणी केलाय हा?"

"मीच की रे."

"तुझ्या हातचा नाही वाटत. आपल्या दोमोदाची ती कडसर चव कुठे गेली?"

तेनेंगने दुसरा घास पुढे केला. त्याने तोंड फिरवलं.