दाजींची तोफ आणि आण्णांची जागा

जगातली सगळी सैन्ये एखाद्या दिवशी शस्त्रे खाली ठेवतील, पण आमचे दाजी हातातली कानस खाली ठेवणार नाहीत, अशी माझी वर्षानुवर्षे खात्री होती. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. नाशकातल्या एका सरकारी कचेरीत ते कालव्यांचे नकाशे काढत आणि उरलेल्या वेळात तोफा बनवत. त्यांची सर्वांत अवजड तोफ माझ्या चष्म्याच्या घरात मावली असती, पण तसे म्हटलेले त्यांना खपत नसे. नव्वदीच्या सुरुवातीला कुणीतरी दुबईहून त्यांच्या मुलांसाठी प्लॅस्टिकच्या शिपायांचा डबा आणला, तिथून हे सुरू झाले. दोन-दोन इंचांचे सहा तोफची, कुणी वाकलेला, कुणी गोळा उचललेला, आणि डब्यात तोफच नाही. मुले दोन दिवसांत कंटाळली. दाजींना मात्र ते सहा जण असे हवेत हात धरून उभे राहिलेले बघवेनात.

खरा माणूस या शिपायाच्या पस्तीसपट, म्हणून जगातल्या प्रत्येक वस्तूला पस्तीसने भागायची दाजींना सवय लागली. ताईने हौसेने नवा फ्रीज घेतला, तेव्हा पेढा तोंडात टाकत ते म्हणाले, "आपल्या पोरांना हा पावणेदोन इंचांचा होईल." आपली पोरे म्हणजे शिपाई. ट्रान्झिस्टरच्या एरियलची तोफेची नळी झाली, औषधांच्या बाटल्यांच्या झाकणांची चाके झाली. घरातला ट्रान्झिस्टर त्यानंतर खरखरीशिवाय काही बोलला नाही.

खऱ्या तोफेची मापे कुणी घेऊ देत नाही. त्यावर दाजींनी तोड काढली ती अशी, की चौथऱ्यावर मांडलेली जुनी तोफ दिसली की तिच्या चाकाशी ताईला उभे करायचे आणि फोटो काढायचा. ताई पाच फूट एक इंच, त्यावरून तोफेचे माप. त्यांच्या घरातल्या अल्बमात ताई सहा गावांत सहा तोफांशेजारी उभी आहे आणि एकाही फोटोत हसत नाही. "लग्नाला बावीस वर्षं झाली. या माणसाने माझी उंची सोडून काही लक्षात ठेवलेलं नाही," असे ती मला सांगे. दोन वर्षे खपून पहिली तोफ तयार झाली आणि शिपायांपुढे किंचित लहान दिसू लागली. चाक मिलिमीटरभर कमी. आठ दिवस दाजींना जेवण गेले नाही. शेवटी शोध लागला, की देवळालीच्या फोटोत ताईने उंच टाचांच्या चपला घातल्या होत्या.

"सांगायचं नाही?" दाजी ओरडले.

"फोटो माझा काढताय असं वाटलं होतं मला," ताई म्हणाली.

तोफ मोडून त्यांनी पुन्हा केली. एका प्रदर्शनात ती मांडली, तेव्हा प्रमुख पाहुण्यांनी तिच्याकडे पाठ करून शौर्यावर पाऊण तास भाषण केले आणि जाताना "उडते का?" एवढे विचारले. दाजींना त्याचे काही वाटले नाही. ती तोफ त्यांनी एकाच माणसाने बघावी म्हणून केली होती.

तो माणूस म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, आण्णा. आण्णा एकाहत्तरच्या लढाईत तोफखान्यात होते. परत आले ते नामपूरला कांदा पिकवू लागले आणि लढाईबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. दाजी तेव्हा शाळेत होते. भाऊ तोफेवर नेमके काय करत होता, एवढे त्यांना ऐकायचे होते, आणि तीस वर्षे ते राहून गेले होते. आण्णांचा उजवा कान गेलेला, त्यावरून दाजींनी गणित मांडले, की ते नळीच्या डाव्या बाजूला उभे असणार. तिथल्या शिपायाला त्यांनी एका केसाच्या कुंचल्याने आण्णांच्या मिशा काढल्या. मग दाजी आण्णांना दरवर्षी तोफ बघायला बोलावत, आणि आण्णांचा कांदा नेमका तेव्हाच काढायला येई.

अखेर मोतीबिंदूने आण्णांना नाशकात आणले. ऑपरेशननंतर "यांना दोन इंचांची वस्तू कधीपासून दिसेल?" असे दाजींनी डॉक्टरांना विचारले. परवानगी मिळताच तोफ टेबलावर आली. मीही मुद्दाम गेलो होतो. आण्णा खाली वाकून बराच वेळ बघत राहिले.

"बेस शे, बापू," ते म्हणाले. घरात दाजींना बापू म्हणत.

"आण्णा, तुमची जागा हीच ना?" दाजींनी विचारले.

आण्णांनी तो मिशीवाला शिपाई उचलला, हातात फिरवला. "मी तोफेजवळ नव्हतो रे भाऊ. मी लंगरमा होतो. पोऱ्हांना रोट्या करून घालायचो."

"मग कान?"

"थंडीमा पिकला, गेला." मग ते म्हणाले, "स्टेशनापासून गाव बँड लावून घेऊन गेलं. तोफेवरचा गडी म्हणून हार घातले. त्या गर्दीत कसं सांगू, की मी कणीक मळत होतो?"

दाजी खुर्चीत बसले. ताईने मात्र, कुठल्याही बाईने विचारावे तसे, सहज विचारले, "आण्णा, किती जणांचा स्वयंपाक असायचा?"

आणि तीस वर्षे गप्प बसलेला माणूस बोलू लागला. तवा केवढा, ओले लाकूड कसे धुमसायचे, कोण किती खायचा, कुणाला जाड रोटी आवडायची, सगळे नावानिशी. शेवटी म्हणाले, "एक दिवस चाळीस जणांच्या केल्या. खायला एकतीस आले." मग हळूच म्हणाले, "उरलेल्या कुणी खाईना, कुणी फेकूही देईना. तशाच झाकून ठेवल्या."

दाजी उठले आणि टेप घेऊन आले. "तवा केवढा, हाताने दाखवा," म्हणाले. आण्णांनी दोन्ही हात पसरले. दाजींनी टेप लावला, आकडा वाचला, तरी तो बराच वेळ धरून ठेवला.

दुसऱ्या वर्षी आण्णा गेले. तोफेजवळची डावी जागा तेव्हापासून रिकामी आहे. मिशीवाला शिपाई मागे, दाजींनी केलेल्या इवल्याशा चुलीशी, तव्यापुढे बसवला आहे. त्याच्याजवळ नखाएवढी परात, आणि परातीवर दाजींच्या जुन्या धोतराचा कापलेला तुकडा. येणारे-जाणारे तोफेचे कौतुक करतात. एखादा त्या फडक्याखाली काय आहे म्हणून विचारतो. "जेवण," एवढेच दाजी सांगतात, आणि त्याला ते उचलून बघू देत नाहीत.